हिरव्या माळेचं खरं नाव



मे महिन्यात मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "अगं, तू दिलेली माळ रंग सोडतेय का गं? जापाला बसले तर बोटं हिरवी झाली."

दशलक्षणाच्या उद्यापनाला मी अकरा जणींना माळा दिल्या होत्या. एका तीर्थक्षेत्राबाहेरच्या दुकानातून घेतल्या, साडेसहाशेला एक. दुकानदार म्हणाला, "अस्सल जेड." हिरवा रंग उपाध्याय परमेष्ठींचा, पार्श्वनाथ भगवंतांचा वर्णही हरित, म्हणून मन तिकडे गेलं. माळ हातात देताना प्रत्येकीला मी आवर्जून सांगितलं, "जेडची आहे बरं का."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. माझ्या माळेचा गोंडा सोडवला. कोरडी माळ भरली ७७ ग्रॅम. मग काट्यावर गाळलेल्या पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला आणि माळ दोऱ्याने पाण्यात अशी सोडली की पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही. मण्यांना चिकटलेले बुडबुडे हलवून काढले. आकडा आला २९. आता ७७ ला २९ ने भागा, साधारण २.६५ येतात. ही झाली दगडाची घनता, आणि ती क्वार्ट्झची म्हणजे गारगोटीच्या जातीची आहे. जेड असतं तर २९ च्या जागी २६ किंवा त्याहून कमी आकडा आला असता.

जेड या एका नावाखाली मुळात दोन वेगळे दगड येतात. नेफ्राइटची घनता २.९५ च्या आसपास, जेडाइटची ३.३ च्या आसपास. उत्तम हिरवं जेडाइट म्यानमारचं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात गारगोट्या, जांभळे स्फटिक भरपूर सापडतात, पण जेड नाही. तेव्हा वेरूळ-अजिंठ्याकडे कुणी "इथल्याच डोंगरातलं जेड" म्हणालं तर हसून पुढे चला. बाजारात 'इंडियन जेड' म्हणून मिळतं ते बहुधा अॅव्हेंच्युरिन, आत चमचम दिसते तो अभ्रक. 'मलेशिया जेड' म्हणजे रंगवलेला क्वार्टझाइट, 'न्यू जेड' म्हणजे सर्पेंटाइन. दगड वाईट नाहीत हो, नाव उसनं आहे. रंगवलेल्या मण्याकडे सोनाराच्या भिंगातून पाहिलं तर बारीक भेगांत आणि भोकाच्या कडेला रंग साचलेला दिसतो. काचेत गोल बुडबुडे दिसतात. केस गुंडाळून काडी लावायची परीक्षा सांगतात ना, ती सोडून द्या. त्यात साधा दगडही पास होतो.

काट्याच्या परीक्षेलाही मर्यादा आहे. खरं जेडाइट आम्लाने धुऊन, आत राळेसारखं रसायन भरून, वर रंगही देतात. त्याला व्यापारात बी आणि सी म्हणतात; काहीही न भरता, न रंगवता ठेवलेलं ते ए. हा फरक घरी कळत नाही. मोठी खरेदी असेल तर जयपूर किंवा मुंबईच्या रत्न प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, आणि बिलावर नुसतं 'जेड' नको. नेफ्राइट की जेडाइट, आणि प्रक्रिया केलेलं की नाही, हे लिहून घ्या. सोन्याच्या हॉलमार्कसाठी आपण भांडतो, दगडाच्या बाबतीत मात्र भोळ्या होतो.

पण मला खरी टोचणी दुसरीच होती. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल खपवणं. आपली घरं व्यापाऱ्यांची, हा शब्द पुरुषांनी पेढीवर पाळायचा असं मी धरून चालले होते. दुकानदाराने मला एकदा फसवलं. मी तेच वाक्य अकरा वेळा पुढे दिलं, आणि तेही खात्री न करता.

एक मैत्रीण म्हणाली, "नावात काय आहे? जाप तर होतोय ना!" बरोबर. जापाला सुताची माळ चालते, बोटांची पेरंही चालतात. मग मी 'जेडची' असं का सांगत होते? माळ भारी वाटावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर देणारी भारी वाटावी म्हणून.

एकेकीला फोन केले. दोघी हसल्या, एक जरा गप्प झाली, एकीने सांगितलं की तिने ती माळ लेकीच्या सासरी दिली, 'जेडची' म्हणूनच. आता तिला विहीणबाईंना सांगायचंय आणि ती माझ्यावर रागावलीय. तिचा राग मला मान्य आहे.

जाऊबाईंना सुताची माळ नेऊन दिली. हिरवी परत मागितली तर म्हणाल्या, "राहू दे, धुऊन धुऊन पांढरी झाली की वापरीन."

दहा फोन झाले. अकरावी माळ सासूबाईंच्या मैत्रिणीकडे आहे. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून रविवारी मंदिरातून परस्पर त्यांच्या घरी जाणार आहे.