दोन रात्रींचा मुक्काम : अमरावती आणि अचलपूर

वऱ्हाडातील सुशिक्षित कुटुंब प्रवासास निघाले म्हणजे त्याचे तोंड बहुधा दूरच्या दिशेस असते. काशी झाली, रामेश्वर झाले. मुलगा किंवा लेक परदेशी असेल तर लंडन-पॅरिसही झाले. अमरावतीस मात्र हीच मंडळी लग्नामुंजीपुरती येतात, अंबादेवीची ओटी भरतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. अचलपूर तर बहुतेकांच्या बाबतीत नकाशावरच राहते. ही गावे पाहण्याजोगी नाहीत म्हणून असे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. तेथे उतरावे कोठे, जेवावे कोठे, आणि घरातील कोणाकोणास बरोबर न्यावे, याचा विचार आपण कधी नीट केलेला नाही, हेच त्याचे खरे कारण होय.

पूर्वी हा विचार करण्याची गरजच पडत नसे. ‘कोणाकडे उतरणार?’ एवढा एकच प्रश्न असे, आणि मावशीचा किंवा आतेचा वाडा हे त्याचे ठरलेले उत्तर असे. पण त्या पाहुणचारात गाव कोण पाहत असे? पुरुष मंडळी किल्ला पाहून येत, मुले बाजार हिंडून येत. आलेल्या सुना आणि घरच्या सुना मिळून पंचवीस माणसांच्या पोळ्या लाटीत. धर्मशाळेत उतरावे तर स्टोव्ह, पोळपाट-लाटणे आणि पिठाचा डबा बरोबर चालतच असे. म्हणजे मुक्काम कोठेही असो, चूल काही सुटत नसे. आज वाडे मोडले, आप्त पुण्या-मुंबईकडे गेले. त्याचे वाईट वाटणे साहजिक आहे. परंतु या निमित्ताने एक गोष्ट नव्याने करता येईल. दोन रात्रींचे बिऱ्हाड भाड्याने घ्यावे, जेवण खाणावळीत घ्यावे, आणि गाव घरातील सर्वांनी पाहावे.

काळ निवडावा तो कार्तिकापासून माघापर्यंतचा. वैशाखात येथील पारा ४४-४५ अंशांस भिडतो. तेव्हा दगडी बुरूज पाहणे ही शिक्षाच. हिवाळ्यात मात्र हुरडा असतो, आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, आणि वृद्ध माणसासही सकाळचे दोन तास सुखाने फिरता येते.

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेऱ्यास उतरले की अमरावती हाकेच्या अंतरावर आहे. पहिली रात्र येथे काढावी. राजकमल चौक आणि रेल्वे स्थानक यांच्या आसपास सर्व दरांची निवासगृहे आहेत. आमची सूचना एवढीच की, खोल्या तळमजल्यावरच्या किंवा उद्वाहन असलेल्या इमारतीतील मागाव्या, आणि पहाटे ऊन पाणी मिळते की नाही हे आगाऊ विचारून घ्यावे. आजीबाईंचा गुडघा आणि आजोबांचे स्नान या दोन गोष्टी साधल्या की निम्मा प्रवास साधला.

संध्याकाळी अंबादेवी व शेजारची एकवीरा यांचे दर्शन घ्यावे. रुक्मिणीचे हरण येथूनच झाले असे परंपरा सांगते. ती कथा मुलांस ठाऊक असते. परंतु याच देवळाची दुसरी गोष्टही त्यांस सांगावी. १९२७ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली, आणि तिच्यापुढे प्रश्न होता तो याच मंदिरात अस्पृश्य गणलेल्यांस प्रवेश मिळण्याचा. ज्या दारातून आपण सहज आत जातो ते कोणासाठी बंद होते, हे आपल्या घरातील मुलांनी आपल्याच तोंडून ऐकावे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच परकोटाकडे निघावे. पेंढाऱ्यांच्या भयाने त्रस्त झालेल्या येथील सावकार-व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या अमलात १८०७ साली ही भिंत बांधण्यास आरंभ झाला. लांबी सव्वादोन मैल, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटर. उंची वीस ते सव्वीस फूट. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. येथे खिडकी म्हणजे भिंतीतील लहान दार. अंबा दरवाजा, खोलापुरी दरवाजा, नागपुरी दरवाजा ही नावे पाहावी, म्हणजे कोणती वाट कोठे जात असे ते कळते. आणि खुनारी खिडकीच्या नावामागे मोहरमातील एका रक्तपाताची आठवण सांगितली जाते. युरोपात डुब्रोव्निक नगराची तटबंदी पाहण्यास जगभरचे लोक पैसे मोजून चढतात. तिची लांबी दोन किलोमीटरांहून किंचित कमीच भरते. आमच्या भिंतीची बरोबरी तिच्याशी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आपली भिंत किती लांब आहे हे अमरावतीकरासही ठाऊक नसावे, याचे मात्र नवल वाटते.

भिंतीच्या बाहेर नवे अमरावती वाढले. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. अध्यक्ष शंकरन नायर, आणि स्वागताध्यक्ष लोकमान्यांचे स्नेही दादासाहेब खापर्डे. १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही पाहण्यासारखे आहे. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

आता भोजनाविषयी. बाहेरचे अन्न घ्यावे की न घ्यावे, हा वाद आपल्या घरांतून अजून पुरता मिटलेला नाही. ज्या वडीलधाऱ्यांचा नेम आहे त्यांचा मान राखलाच पाहिजे. त्यांच्यासाठी फळे, दूध, राजगिऱ्याचे लाडू बरोबर असावे. परंतु एकाच्या नेमासाठी चौघींनी प्रवासातही स्वयंपाक करावा, हे धर्मालाही मानवणार नाही. केवळ शाकाहारी जेवण देणाऱ्या खाणावळी येथे पुष्कळ आहेत. तेथे ताट मागविताना पंजाबी भाज्यांच्या यादीकडे न वळता पातोडीची भाजी, झुणका, वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी आणि ठेचा यांची चौकशी करावी. गोळाभात मिळाला तर सोडू नये; त्यावर फोडणीचे तेल घेण्यास मात्र संकोच करू नये. संध्याकाळी अमरावतीचा गिला वडा खावा. हा उडदाचा वडा नावाप्रमाणेच ओला असतो. पुण्याकडील पाहुणे बरोबर असतील तर त्यांस आधीच सांगावे की वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. नाही तर सांबारवडी मागवून ते आमटीची वाट पाहत बसतील. पिण्यास ताक, मठ्ठा, संत्र्याचा रस. उघड्यावरचे बर्फ घातलेले पाणी मुलांस देऊ नये, हे सांगावयास नकोच.

दुपारचे जेवण आटोपून अचलपूरकडे निघावे. अंतर सुमारे ५० किलोमीटर. मुर्तिजापुराहून अचलपुरास जाणारी अरुंद मापाची ‘शकुंतला’ गाडी एकेकाळी या भागाची लाडकी होती. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चाले. आता ती धावत नाही. तेव्हा मोटारीचाच मार्ग. रात्रीचा मुक्काम अचलपुरास लागून असलेल्या परतवाड्यास करावा. ही मूळची छावणी, आणि उतरण्या-जेवण्याची सोय तेथे अधिक बरी लागते.

सापन आणि बिचन या नद्यांच्या परिसरातील अचलपूर हे वऱ्हाडची जुनी राजधानी. त्याच्या नावाचीही एक मौज आहे. ‘अचलपूर’ या शब्दातील च आणि ल यांची अदलाबदल होऊन ‘अलचपूर’ होते, असा नियम बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या गावासाठी खास नोंदविला आहे. इंग्रजांचे ‘एलिचपूर’ हे त्याच उच्चाराचे पुढचे रूप. म्हणजे ज्यास आपण गावंढळ अपभ्रंश म्हणून हसतो, त्याची दखल आठशे वर्षांपूर्वीच शास्त्रात घेतली गेली आहे.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेने. पुढे बहामनी राज्य दुभंगले तेव्हा १४९० च्या सुमारास फतेउल्ला इमादुल्मुल्क याने येथे इमादशाही स्थापन केली. हा मूळचा विजयनगरकडील ब्राह्मणाचा मुलगा, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. १५७४ साली अहमदनगरकरांनी ते राज्य गिळले. दुल्हा रहमान यांचा दर्गा, दुल्हा दरवाजा, नवाबांच्या काळचे अवशेष आणि गावाच्या पश्चिमेस कोरड्या तलावात उभा असलेला ‘हौज कटोरा’ हा अष्टकोनी मनोरा, ही येथील मुख्य स्थळे. दर्ग्यात जाताना पादत्राणे बाहेर ठेवावी आणि डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्यावा. देवळातील रीत आपण इतरांकडून अपेक्षितो, तशीच ही.

तिसऱ्या दिवशी अंगात उत्साह असलेल्यांनी पहाटेच चिखलदऱ्यास चढावे. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे आणि तेथल्याच मातीत पिकलेली कॉफी मिळते; महाराष्ट्रात कॉफी पिकविणारे ठिकाण म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. जवळच गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने हा गड घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात भोसल्यांस वऱ्हाडाचा हक्क सोडावा लागला. ज्यांस चढण झेपत नाही त्यांनी परतवाड्यास विश्रांती घेऊन हौज कटोऱ्याची सकाळ पाहावी. सर्वांनी सर्व पाहिलेच पाहिजे, असा हट्ट नको. मात्र कोणी मागे राहिलेच तर ते आपल्या इच्छेने राहावे, भांडी घासण्यासाठी नव्हे.

परतताना आल्या वाटेने न जाता अंजनगाव सुर्जी, अकोट या मार्गाने अकोल्यास यावे. अंजनगाव सुर्जीस देवनाथ महाराजांचा मठ आहे. आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंद्यांनी इंग्रजांशी केलेला तह याच गावाच्या नावाने ओळखला जातो. शाळेत ज्या तहाचे नाव घोकून पाठ केले, त्या गावात उतरून एक पेला चहा घेतला तर तो धडा मुले जन्मात विसरणार नाहीत. अकोल्यास मोर्णेच्या काठी असदगड आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा. तो पाहून रात्रीची गाडी गाठता येते.

या सर्व खटाटोपास किती खर्च येईल, असे गृहस्थ विचारतील. घरातील एखाद्या मध्यम समारंभाच्या जेवणावळीहून तो अधिक येऊ नये. परंतु आम्ही त्याचा हिशेब निराळ्या रीतीने मांडू. अशी गावे केवळ पुरातत्त्व खात्याच्या पाटीवर टिकत नाहीत. त्यांत उतरणारे, जेवणारे, दरवाजाचे नाव विचारणारे कोणी असले तर तेथील रहिवाशासही आपल्या दाराची किंमत कळते. कोणीच फिरकले नाही तर त्याच दाराचे दगड शेजारच्या पायात जातात. आणि विचारणारे म्हणजे केवळ घरातील पुरुष नव्हेत. म्हणून निघण्यापूर्वी ठिकाणांची यादी जरूर करावी, पण तिच्या आधी माणसांची यादी करावी. आणि तीत घरातील सर्वांत वृद्ध बाईचे आणि सर्वांत धाकट्या सुनेचे नाव पहिल्या दोन ओळींत लिहावे.