७०० हून जास्त सामने हरलेला संघ दोन वर्षांत चॅम्पियन! ही एकट्या कोचची जादू की आणखी काही?

गेले काही महिने मोबाईलवर एक गोष्ट फिरतेय. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा संघ कायम हरायचा. नवा कोच आला आणि दोन वर्षांत तोच संघ देशात पहिला आला. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'एक माणूस सगळं बदलू शकतो' असं वाक्य.

गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी कुणी पाठवत नाही, आणि आपल्या कामाची तीच जास्त आहे. कारण आपल्याकडेही शाळा बुडाली, दूध संस्था तोट्यात गेली, तालुक्याचा कबड्डी संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडू लागला की आपण लगेच म्हणतो, "एक खमक्या माणूस आणा, सगळं सरळ होईल." खरंच होतं का? या अमेरिकन कॉलेजच्या निमित्ताने जरा नीट बघू.

आधी खेळ समजून घ्या

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो. तो हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याला. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण. कबड्डी बघणाऱ्याला हा खेळ लवकर कळतो. अंगाला अंग भिडतं, आणि जागा इंचाइंचाने मिळवावी लागते.

तिथे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे गॅदरिंगच्या आठवड्यातली मॅच नव्हे. मैदानात पन्नास हजार, कुठे एक लाख माणूस बसतं. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे. अनेक राज्यांत सरकारी पगारावर सगळ्यात महाग माणूस कोण, तर राज्याच्या विद्यापीठाचा फुटबॉल कोच.

पडझड किती होती?

इंडियाना विद्यापीठ ब्लूमिंग्टन नावाच्या गावात आहे. स्थापना १८२० ची. नाव बास्केटबॉलमध्ये, पाच वेळा देशात अव्वल. फुटबॉलमध्ये मात्र नुसती बोंब. २०२२ मध्ये मोठ्या कॉलेजांच्या इतिहासात ७०० पराभव गाठणारा हा पहिला संघ ठरला. २०२१ मध्ये २ विजय, १० पराभव. २०२२ मध्ये ४ विजय, ८ पराभव. २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. म्हणजे तीन वर्षांत ३६ सामने आणि विजय फक्त ९.

नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने जुन्या कोचला घरी पाठवलं. करार शिल्लक होता, म्हणून त्यांना सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर द्यायचं ठरलं. हरणाऱ्या कोचला काढायला एवढे पैसे मोजावे लागले, हे लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत येऊ.

त्याच महिन्याच्या शेवटी कर्ट सिग्नेटी यांची नेमणूक झाली. वय ६२.

नवा माणूस नवखा नव्हता

व्हॉट्सअॅपवरच्या गोष्टीत हा माणूस आकाशातून पडल्यासारखा येतो. प्रत्यक्षात सिग्नेटी चाळीसएक वर्षं याच धंद्यात होते. वडीलही कोच. अलाबामा हे कॉलेज म्हणजे या खेळातली पंढरी. तिथे ते २००७ ते २०१० निक सेबन यांच्या हाताखाली सहायक होते. २००९ च्या हंगामात अलाबामा चॅम्पियन झालं, तेव्हा ते तिथेच होते.

तिथून त्यांनी काय करावं? २०११ मध्ये कमी पगारावर पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात गेले. कारण तिथे मुख्य कोच होता येत होतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणूस मोठ्या घरची चाकरी सोडून छोटं दुकान टाकतो, तसंच हे. तिथे सहा वर्षांत ५३ विजय, १७ पराभव. मग ईलॉन कॉलेजात दोन वर्षं, १४ विजय, ९ पराभव. मग जेम्स मॅडिसन विद्यापीठ, ५२ विजय, ९ पराभव. मुख्य कोच म्हणून त्यांचा एकही हंगाम तोट्यात गेलेला नाही.

इंडियानात आल्यावर पत्रकारांनी विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की मी जिंकतो, गूगल करून बघा. लोक हसले. पण ती बढाई नव्हती, हिशेबाची वही होती.

इथला पहिला धडा हा. इंडियानाने भाषण ऐकून माणूस निवडला नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणी, लहान-मोठ्या संघांवर, ज्याने काम करून दाखवलं होतं तो निवडला.

केलं काय नेमकं?

पहिली गोष्ट माणसांची. सिग्नेटी एकटे आले नाहीत. बचाव सांभाळणारे ब्रायंट हेन्स आणि आक्रमण सांभाळणारे माईक शॅनाहन हे दोघे सहायक जेम्स मॅडिसनमधून सोबत आले. तिथलेच १३ खेळाडूही आले. म्हणजे कोचला काय हवंय, सराव कसा असतो, काय चालत नाही, हे ज्यांना पाठ आहे अशी एक अख्खी फळी पहिल्याच दिवशी ड्रेसिंग रूममध्ये होती. नवीन पोरांना शिकवायचं काम निम्मं त्यांनीच केलं.

दुसरी गोष्ट निवडीची. अमेरिकेत शाळेतल्या पोरांना तारे देतात. पाच तारे म्हणजे भावी हिरो. सिग्नेटींनी ताऱ्यांकडे फारसं पाहिलं नाही. पोरगं उद्या काय करू शकेल यापेक्षा त्याने काल मैदानात काय केलं, ते बघितलं. दुसऱ्या कॉलेजांत दोन-तीन वर्षं खेळून तयार झालेले, पण मोठ्या नावांच्या नजरेतून सुटलेले गडी गोळा केले. बैल घेताना आपण शिंगाचा रंग बघत नाही, नांगराला चालवून बघतो. तसंच.

फर्नांडो मेंडोझा हे यातलं सर्वांत मोठं उदाहरण. शाळेत असताना त्याला फारसं कुणी विचारलं नव्हतं, तारे फक्त दोन. तो आधी कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळला, २०२५ मध्ये इंडियानात आला. त्याच वर्षी त्याला हाइजमन ट्रॉफी मिळाली. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा वैयक्तिक मान इंडियानाच्या खेळाडूला त्याआधी कधीच मिळाला नव्हता.

तिसरी गोष्ट शिस्तीची, पण आरडाओरड्याची नव्हे. सिग्नेटी मैदानाच्या कडेला उभे असतात तेव्हा चेहरा दगडासारखा. संघ तीस गुणांनी पुढे असला तरी हसू नाही. पोरांना समजतं की काम अजून संपलेलं नाही.

निकाल

२०२४ मध्ये ११ विजय, २ पराभव. इंडियानाच्या इतिहासात एका हंगामात दहा विजय याआधी कधी झाले नव्हते. तरी टीका झाली, कारण दोन्ही पराभव तगड्या संघांकडून होते. ओहायो स्टेटने ३८-१५ ने लोळवलं, आणि बाद फेरीत नोत्रदामने २७-१७ ने घरी पाठवलं. 'दुबळ्यांना हरवून मोठे झाले' असं लोक म्हणाले.

२०२५ मध्ये त्याचं उत्तर मिळालं. बिग टेन या त्यांच्या गटाच्या अंतिम सामन्यात त्याच ओहायो स्टेटला १३-१० ने हरवलं. १ जानेवारी २०२६ ला अलाबामाला ३८-३. उपांत्य फेरीत ओरेगनला ५६-२२. आणि १९ जानेवारीला मायामीला मायामीच्याच मैदानावर २७-२१. त्या सामन्यात शेवटच्या सत्रात चौथ्या प्रयत्नावर मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन घुसला, अंगावर मार खात रेषेपार गेला. सोळा सामने, सोळा विजय.

आता उरलेली अर्धी गोष्ट

हे सगळं पाच वर्षांपूर्वी शक्यच नव्हतं. कारण नियम वेगळे होते.

पूर्वी कॉलेज बदललं की पोराला साधारण एक वर्ष बाकावर बसावं लागायचं. आता ट्रान्सफर पोर्टल आहे. नाव टाका, दुसरं कॉलेज घ्या, लगेच खेळा. पूर्वी खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे कमाईला बंदी होती. जुलै २०२१ पासून तो स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे मिळवू शकतो. आणि जुलै २०२५ पासून एका मोठ्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेज स्वतः खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, म्हणजे आपले पावणेदोनशे कोटींच्या आसपास, वाटू शकतं.

मग नव्या कोचला संघ 'घडवायला' चार-पाच वर्षं थांबायची गरज राहत नाही. तयार माणसं आणता येतात. पण त्यासाठी पैसा लागतो. इंडियानाकडे तो होता. संघ हरत होता तेव्हाही बिग टेनच्या टीव्ही कराराचा वाटा त्यांच्या खात्यात येतच होता. तो करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरच्या वरचा. शिवाय श्रीमंत माजी विद्यार्थी. म्हणून तर जुन्या कोचला एवढे पैसे देऊन निरोप देता आला. विहिरीला पाणी होतं, मोटार नादुरुस्त होती. नवी मोटार बसवली, पाणी आलं. पण विहीरच कोरडी असेल तर मोटार कितीही भारी आणा, उपयोग काय?

आणि ज्यांची जागा गेली त्यांचं काय? बाहेरून दोन डझनांहून जास्त गडी येतात, तेव्हा तेवढेच आतले बाजूला होतात. त्यातले काही हरणाऱ्या संघात तीन वर्षं घाम गाळत होते. विजयाच्या फोटोत ते नाहीत. खेळात हे चालतं असं म्हणू, पण हिशेब मांडताना ही बाजूही मांडली पाहिजे.

तोच प्रयोग, वेगळा निकाल

एक माणूस आणला की झालं, असं असतं तर सगळीकडे झालं असतं. कोलोरॅडो विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये डिऑन सँडर्स यांना आणलं. खेळाडू म्हणून त्यांचं नाव एवढं मोठं की टीव्हीवाले रांगेत. संघाचा आधीचा हंगाम १ विजय, ११ पराभव असा होता. सँडर्सनी पन्नासहून जास्त पोरं बदलली. २०२३ मध्ये ४ विजय, २०२४ मध्ये ९ विजय. सगळे खूश. मग त्यांचे दोन मोठे खेळाडू व्यावसायिक लीगला गेले आणि २०२५ मध्ये पुन्हा ३ विजय, ९ पराभव. दोन खांबांवर उभा मांडव, खांब काढले की खाली.

नॉर्थ कॅरोलायनाने तर बिल बेलिचिक यांना आणलं. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य कोच म्हणून सहा वेळा चॅम्पियन झालेला माणूस. २०२५ चा पहिला हंगाम ४ विजय, ८ पराभव.

फरक कुठे पडला? सिग्नेटी यांच्याकडे कॉलेजच्या खेळाचा अनुभव होता, वर्षानुवर्षं सोबत काम केलेले सहायक होते, आणि ताकद एक-दोन नावांत न ठेवता अख्ख्या फळीत वाटलेली होती. मेंडोझा भारीच, पण अंतिम सामन्यात मायामीचा शेवटचा हल्ला मोडला तो बचावातल्या जमारी शार्पने चेंडू अडवून.

खरी परीक्षा अजून बाकी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिग्नेटी यांना आठ वर्षांचा ९ कोटी ३० लाख डॉलरचा करार मिळाला, आपले आठशे कोटींच्या आसपास. एकदा जिंकणं वेगळं, आणि दरवर्षी अर्धी फळी बदलत असताना टिकून राहणं वेगळं.

आपण काय घ्यायचं?

आपल्याकडे ना तेवढे डॉलर, ना ट्रान्सफर पोर्टल. त्यामुळे त्यांची नक्कल करून भागणार नाही. पण तीन प्रश्न फुकट आहेत, ते विचारता येतात.

नवा माणूस आणताना, मग तो शाळेचा मुख्याध्यापक असो, संस्थेचा मॅनेजर असो की पोरांचा कोच, त्याने आधी कुठे काम करून दाखवलंय हे आपण बघतो का, की फक्त भाषण आणि ओळख बघतो?

त्याला त्याची दोन विश्वासाची माणसं घेऊ देतो का, की जुन्याच कोंडाळ्यात एकट्याला सोडतो?

आणि ज्याच्याकडून निकाल मागतो, त्याला साधनं देतो का? मॅट नाही, बूट नाहीत, सरावाला जागा नाही, आणि पोरं जिल्ह्याला हरली की शिव्या मात्र कोचला. असं होत असेल तर माणूस बदलून काही होणार नाही. पुढच्या वर्षी शिव्या खायला फक्त चेहरा नवा असेल.

तेव्हा तो मेसेज पुन्हा आला तर पुढे जरूर पाठवा. फक्त खाली एक ओळ जोडा: माणूस चांगला होताच, पण त्याच्या मागे उभं राहणारंही कुणीतरी होतं.