तळाचा गाळ आणि ताटातला मासा

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घातला जाणार आहे. मच्छीमारांचा विरोध, भरपाई, रोजगार यांवर बरेच बोलले जाते. समुद्राचा तळ ढवळला की काय होते, हा आरोग्याचा प्रश्न मात्र मागे पडतो.

वाळू लवकर बसते. दशांश मिलिमीटरचा कण वीस-पंचवीस मिनिटांत दहा मीटर खाली जातो. दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला, पाणी अगदी स्थिर असले तरी, सुमारे महिना लागतो. खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटतात आणि लवकर खाली येतात, हे खरे. पण भरती-ओहोटीचा जोर वाढला की तळावरचा हा मऊ थर पुन्हा उठतो आणि प्रवाहाबरोबर पुढे सरकतो. पारा, शिसे चिकटतात ते मुख्यतः याच बारीक कणांना. शिवाय गाळाच्या फटींतल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले काही जिवाणू पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी करतात, आणि ते माशांच्या शरीरात साठत जाते. गर्भवतीने असे मासे खाल्ले तर ते वार ओलांडून बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. आईला फारसा त्रास नसतानाही.

जपानमधील मिनामाता येथे हेच दिसले. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. चिस्सो कंपनीचे पारायुक्त सांडपाणी १९६८ मध्ये थांबले, पण उपसागराच्या तळाशी पारा तसाच होता. २५ पीपीएमहून अधिक पारा असलेला गाळ हलवून ५८ हेक्टर भरावाखाली गाडण्याचे काम १९७७ ते १९९० चालले. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली.

वाढवण म्हणजे मिनामाता नव्हे. मासे खाणे सोडण्याचेही कारण नाही. पण तारापूरची औद्योगिक वसाहत याच किनाऱ्यावर आहे. त्यामुळे नुसते पृष्ठभागाचे पाणी तपासून भागणार नाही. तळालगतचे पाणी, बारीक गाळ आणि गाळलेल्या पाण्यावर जगणाऱ्या तिसऱ्या-कालवे यांची तपासणी काम सुरू असताना दर हंगामात व्हावी, आणि तिचे आकडे कोळीवाड्यांत मराठीतून लावले जावेत.