गोठलेला पडदा

पर्लकोटेच्या पुरानं तुटणं आम्हा भामरागडकरांना नवं नाही. म्हणून परवा पुण्यातल्या यंत्रावर विममध्ये लिहिताना, जतन करायला सवयीनं कंट्रोल-एस दाबलं आणि पडदा गोठला, तेव्हा मी नदीला शिव्या घातल्या, कळफलक बडवला. भाचा फोनवर म्हणाला, "मामाजी, कंट्रोल-क्यू दाबा न." दाबलं, बडवलेली सगळी अक्षरं मजकुरात अवतरली! थांबलं होतं ते फक्त दाखवणं.

हे म्हणे जुन्या टेलिटाइपची कागदी फीत थांबवायचे-चालवायचे इशारे. अहो, टेलिटाइप भंगारात गेले, इशारे मात्र नोकरीत कायम! 'एसटीटीवाय वजा आयएक्सऑन' म्हटलं की भूत उतरतं. पण मंत्र आम्ही का पाठ करायचा? ज्याला भूत हवं, त्यानं बोलवावं. तुटायला आम्हाला नदी पुरे आहे.