मामी ब्लाइंड

दिवाळीत निपाणीला आजोळी तीन पत्ती रंगते, पैशांऐवजी चिंचोक्यांवर. तीन पानांच्या २२,१०० जुळण्यांपैकी १६,४४० मध्ये साधी जोडीही नसते. म्हणजे समोरच्याकडेही बहुधा काहीच नाही, मारा थाप! हा माझा इंजिनिअरी हिशोब. हातात नुसता राजा, तरी चाल वाढवत गेलो. सगळे पॅक झाले, मामी सोडून. त्या ब्लाइंड होत्या, म्हणजे निम्म्या चिंचोक्यांत. ज्यानं स्वतःचीच पानं पाहिली नाहीत, तो माझ्या थापेला काय भिणार? शोमध्ये त्यांची दुर्रीची जोडी निघाली.

रात्री मामींनी विचारलं, "नोकरी कशी चाललीया?"

मी तीन आठवड्यांपासून नोटिशीवर होतो. "झकास!"

"राजावर खेळताना बी असाच हसत हुतास," म्हणत त्यांनी चहा टाकला.