अम्मी-अब्बांना बोलतं करा

आईच्या पायाखाली जन्नत असते, हे दरवर्षी मदर्स डेला आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर झळकतं. पण तीच आई सतरा वर्षांची असताना कुठे होती, काय करत होती, हे किती जणांना सांगता येईल? आपल्याकडे आई-बापांबद्दल आदर भरपूर आहे, चौकशी मात्र नाही.

एलेना फेरांटे या इटालियन लेखिकेच्या नेपल्सवरच्या चार कादंबऱ्या मी इंग्रजीतून वाचल्या. पहिली २०११ची. त्यातली मुलगी शिकून पुढे जाते. शाळेत प्रमाण इटालियन, घरी आईची नेपल्सची बोली. आई लंगडते, आपणही एक दिवस तसंच चालू लागू, ही मुलीची धास्ती. वाचताना मला सिन्नरच दिसत होतं. घरात ‘हमकू-तुमकू’, शाळेत मराठी, कंपनीत इंग्रजी. भाषा बदलली की आई-बाप एक पायरी मागे राहतात.

मुलगी लेखिका होते, पण आई आपल्याला कळते ती मुलीच्याच तोंडून. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

वेगळं घडलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या ओझरच्या एका दलित कुटुंबात. दामोदर जाधव मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीला होते. निवृत्तीनंतर मुलगा नरेंद्र यांनी त्यांच्यामागे लकडा लावला, तुमचं आयुष्य लिहून काढा. जेमतेम शिकलेल्या बापाने लिहिलं आणि त्यातून १९९३मध्ये ‘आमचा बाप आन् आम्ही’ आलं. त्या ‘आन्’ला शुद्धलेखनाच्या नावाखाली कुणी ‘आणि’ केलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपलं काय? मराठी पुस्तकांत मुसलमान आई क्वचित भेटते, आणि भेटली तर बहुधा ईदला शेजारी शीरखुर्मा पाठवण्यापुरती. बिड्या वळणारी अम्मी कुठे आहे? मुसळगाव-माळेगावचे कारखाने येण्याआधी सिन्नर ओळखलं जायचं ते बिडीसाठी. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, मजुरी हजार बिड्यांवर. त्या पैशांत कुणाची फी गेली आणि कुणाची शाळा सुटली, हा हिशेब फक्त तिच्या डोक्यात आहे.

‘गरिबीचं प्रदर्शन कशाला?’ असं घरातलेच म्हणतात. पण आपण लिहिलं नाही, तर आपल्याबद्दल दुसरेच लिहिणार. ते तर रोज लिहितातच.

मी रमजानपासून अम्मीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करतोय. निम्मा वेळ ‘ये क्या लिखने की बात है रे’ यातच जातो. बोलण्याचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर तिची बोली चुकीची हिंदी समजून दुरुस्त करतं. मी बसून ती परत बिघडवतो.

अब्बांना मात्र समोर बसवून विचारू नका. मोटरसायकलवर मागे बसवा आणि रस्त्याकडे बघत विचारा. आमचे अब्बा शिर्डी रोडला लागले की बोलायला लागतात.