प्रेमकथा? मग तो मेलेला माणूस कोण?

केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ज्यांना अजून वाचायची आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा. मी शेवट सांगणार आहे, आणि अर्धवट नाही, सगळा सांगणार आहे. शेवट फोडायचा नाही या नियमाआड दडून या कादंबरीबद्दल वाचक वर्षानुवर्षं जे बोलत आलेत, ते ऐकून माझं डोकं उठलंय.

कादंबरी जपानीत २००५ साली आली. तिला नाओकी पारितोषिक मिळालं. २०११ मध्ये इंग्रजी अनुवाद निघाला आणि आपल्याकडच्या वाचकांच्या हाती ती बहुतेक त्याच रूपात पडली. जपानी, कोरियन आणि चिनी सिनेमे झाले, २०२३ मध्ये सुजॉय घोषचा 'जाने जान' झाला. लोकप्रियतेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रहस्यकथेचा इतका पक्का बांधलेला सांगाडा क्वचितच बघायला मिळतो. तक्रार आहे ती वाचून झाल्यावर लोक जे तोंड उघडतात त्याबद्दल. 'काय ती प्रेमकथा!' 'असं निःस्वार्थ प्रेम आता कुठे राहिलंय?' 'शेवटी ढसाढसा रडले.' पुस्तकाची गोष्ट निघाली की पाच मिनिटांत कुणीतरी हे म्हणतंच, आणि बाकीचे माना डोलावतात.

आता जरा कथानक बघू. टोकियोत यासुको हानाओका नावाची बाई मुलीला घेऊन राहते आणि जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते. तिचा घटस्फोटित नवरा तोगाशी पैशांसाठी तिला छळायला येतो. एका संध्याकाळी झटापट होते, आणि हीटर लावलेल्या बैठ्या टेबलाच्या वायरने मायलेकी त्याचा गळा आवळतात. भिंतीपलीकडे राहणारा शाळामास्तर इशिगामी गणितात असामान्य बुद्धीचा माणूस. तो दार वाजवतो आणि म्हणतो, माझ्यावर सोडा. पुढे जुन्या एदो नदीच्या काठावर एक प्रेत सापडतं, चेहरा ठेचलेला, बोटं जाळलेली. पोलीस ते तोगाशीचं ठरवतात आणि १० मार्चला तुम्ही कुठे होता म्हणून यासुकोच्या मागे लागतात. ती खरं तेच सांगते, सिनेमाला गेलो होतो, मग गाणी म्हणायला. तिच्या सांगण्याला तडाच जात नाही.

जाणार कसा? तोगाशी मेला ९ तारखेला. १० तारखेला नदीकाठी मेला तो दुसराच कुणी. इशिगामीने त्याला मारला. सुमिदा नदीच्या काठी झोपणाऱ्या बेघरांपैकी एकाला हेरलं, कामाचं आमिष दाखवून तोगाशीच्या भाड्याच्या खोलीत दिवसभर बसवलं, म्हणजे केस आणि बोटांचे ठसे तिथे राहतील. मग त्याला नदीकाठी नेलं, गळा आवळला, तोंड ठेचलं, बोटं जाळली. तोगाशीचं खरं प्रेत तुकडे होऊन नदीच्या तळाशी गेलं.

ही तुमची प्रेमकथा.

त्या माणसाने इशिगामीचं काय वाकडं केलं होतं? यासुकोचं काय केलं होतं? त्याला तर त्या दोघांचं नावही ठाऊक नव्हतं. नोकरी गेलेला माणूस, नदीकाठी नवाच आलेला. आणि हिगाशिनो त्याला आपल्यापासून लपवत नाही. पहिल्या पानांवरच दाखवतो. इशिगामी सकाळी कामाला निघतो, नदीकाठच्या निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्यांवरून जातो. रोज त्याच वेळी पत्र्याचे कॅन चेपत बसणारा एक जण दिसतो. पलीकडे बाकावर आणखी एक जण असतो, जो अजून त्या वस्तीत मुरलेला नाही. इशिगामी मनात त्याला 'इंजिनिअर' म्हणतो, कारण तो कारखानदारीविषयीचं मासिक वाचत बसलेला असतो. म्हणजे काम मिळेल ही आशा त्याने सोडलेली नाही. त्याच आशेला धरून त्याला मरणाकडे ओढून नेलं.

ही पानं वाचकांना 'संथ' वाटतात. 'पहिली वीस पानं काही होत नाही, नंतर मात्र पकड घेते,' असं ऐकलं की मला त्या माणसाला पुस्तक परत उघडायला लावावंसं वाटतं. काही होत नाही म्हणजे काय? ज्याचा खून होणार आहे तो माणूस समोर बसलाय! पण तुम्हाला खून म्हणजे तोगाशीचा खून. बाकावरचा मासिक वाचणारा माणूस म्हणजे पान उलटेपर्यंतची सजावट. इशिगामी परीक्षेचे पेपर कसे काढतो ते कादंबरीत येतं. प्रश्न भूमितीचा वाटतो आणि असतो बीजगणिताचा, विद्यार्थी आपल्याच गृहीतकात अडकतो. वाचक हे वाचून खूश होतात, शेवटी तारखेची अदलाबदल उलगडली की आणखी खूश होतात, आपण कुठे फसलो ते कळलं असं त्यांना वाटतं. तारखेचं कळतं. माणसाचं पुस्तक मिटल्यावरही कळत नाही.

एका वाचनकट्ट्यावर या कादंबरीवर तासभर बोलणं झालं. इशिगामीचा कॉलेजातला मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा हुशार की इशिगामी, यासुकोने शेवटी जाऊन कबुली द्यायला हवी होती की नको, सिनेमा सरस की पुस्तक. मी विचारलं, 'नदीकाठी मेला त्याच्याबद्दल कुणी काही बोलणार आहे का?' क्षणभर कुणाच्या लक्षातच येईना मी कुणाविषयी विचारतेय. मग एक गृहस्थ म्हणाले, 'ताई, तो काय, प्लॉटसाठी लागणारा माणूस.' बोलणारे सज्जन आहेत. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय परत पाठवणार नाहीत. तरी त्यांच्या तोंडून निघालं ते हुबेहूब इशिगामीचं गणित होतं. लागणारा माणूस. प्रेताची गरज होती, हा फुकट मिळत होता, मागे रडणारं आणि शोधायला येणारं कुणी नव्हतं. इशिगामीने त्याच्याकडे जसं पाहिलं तसंच आपण पाहतोय, आणि वर डोळे पुसतोय इशिगामीसाठी.

'त्याग' हा शब्द तर या पुस्तकाच्या संदर्भात मला ऐकवत नाही. इशिगामीने गुन्हा अंगावर घेतला, तुरुंग पत्करला, हे खरं. आत्महत्येच्या तयारीत असताना दारावर आलेल्या या मायलेकींमुळे तो जगला आणि त्या ऋणापोटी हे सगळं करून बसला, हेही खरं, आणि ते वाचताना माझाही जीव कासावीस झाला. पण त्यागात माणूस आपलं देतो. इशिगामीने आपलं दिलं त्याच्या आधी दुसऱ्याचं, न विचारता, पूर्ण काढून घेतलं. आपली कबुली खरी ठरावी, कसल्याही दबावाखाली ती ढासळू नये, म्हणून त्याला स्वतःच्या हाताने केलेला एक खरा खून हवा होता. माणूस मारून आपल्या निश्चयाला टेकू देणं याला भक्ती म्हणत असाल तर खुशाल म्हणा, मी म्हणणार नाही.

आणि दोष लेखकावर ढकलू नका. हिगाशिनोने हिशेब चोख ठेवलाय. युकावा इशिगामीला शेवटी तोंडावर सुनावतो की जगात निरुपयोगी असं एकही चाक नसतं आणि चाकाचा उपयोग काय करायचा ते ठरवण्याचा हक्क त्या चाकालाच असतो. यापेक्षा स्पष्ट आणखी काय सांगायचं? पण वाचकाला त्या वेळी यासुकोच्या अश्रूंकडे धाव घ्यायची असते.

यात शेवट न फोडण्याच्या शिस्तीचा वाटा मोठा आहे. ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याची मजा घालवू नये, इतपत ठीक. पण वाचलेले आठ जण एकत्र बसलेत, तरी 'नको, शेवटाबद्दल नको' चालूच. या कादंबरीत मेलेला माणूस शेवटातच राहतो. शेवटाला हात लावायचा नाही म्हटलं की त्याचं नावनिशाण पुसलं जातं, आणि मग बोलायला उरतात फक्त प्रेम, बुद्धी आणि 'धक्का'. जपानमध्येही पुस्तक गाजलं तेव्हा रेइतो निकाइदो या रहस्यकथाकाराने वाद उकरला होता. त्या वादाचा रोखही मुख्यतः एवढाच, की ही अस्सल कूटकथा म्हणायची का, वाचकाला पुरेसे धागे दिलेत का. २००६ मध्ये तिला अस्सल कूटकथांसाठीचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे वाचकाला न्याय मिळाला की नाही याची केवढी काळजी!

'दृश्यम'चं तर विचारूच नका. मल्याळम 'दृश्यम' २०१३ मध्ये आला तेव्हा तो याच कादंबरीवरून उचलल्याची ओरड झाली आणि दिग्दर्शक जीतू जोसेफ यांनी ती फेटाळली. आपल्या निशिकांत कामतांनी २०१५ मध्ये तो हिंदीत, गोव्यात आणला. तेव्हापासून पुस्तक हातात घेतलेला दर दुसरा माणूस सांगतो, 'म्हणजे दृश्यमच की!' नाही हो. दोन्हीत तारखेचा खेळ आहे, एवढ्यावर तुमची तुलना संपते. हिंदी 'दृश्यम'चा नायक विजय साळगावकर आपल्या बायकापोरींना वाचवायला खोटं बोलतो, पुरावे उभे करतो, अख्ख्या गावाच्या आठवणीशी खेळतो, मार खातो. पण त्यासाठी तो तिसऱ्या कुणाला मारत नाही. या दोन गोष्टींमधला सगळ्यात मोठा फरक आहे एक प्रेत, आणि वाचकांना नेमका तेवढाच दिसत नाही.

हे फक्त पुस्तकातलं आहे असं मला वाटत नाही. पुण्यात १९७६-७७ मध्ये जे हत्याकांड झालं त्याला आपण आजही जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणतो, मेलेल्यांच्या आडनावांनी. घरंदाज माणसं होती, घरात घुसून मारली, शहर हादरलं, आणि त्यांना लक्षात ठेवलं ते योग्यच झालं. त्याच्या काही वर्षं आधी मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी फुटत होती. १९६८ मध्ये रमण राघव पकडला गेला. त्याने एकेचाळीस खून कबूल केले. त्याच्यावर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. त्या एकेचाळिसांतलं एक तरी नाव सांगता येईल? मला येत नाही. रस्त्यावर झोपणारा माणूस मेला की आपल्याला मारणाऱ्यातच रस वाटायला लागतो. ही खोड आपण वाचतानाही सोबत नेतो.

आता नेहमीचा बचाव येणारच, 'अहो, शेवटी कादंबरी आहे ती. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?' मनाला लावून घ्यायला तुमची ना नाहीच मुळी. इशिगामी ऊर फुटेस्तोवर ओरडतो ते पान वाचून तुम्ही रडलात, हे तुम्हीच मला सांगितलंत. तो काय जनगणनेत नोंदलेला होता? तोही कागदावरचा, तो इंजिनिअरही कागदावरचा, दोघं एकाच लेखकाने एकाच पहिल्या प्रकरणात उभे केलेले. एकासाठी रुमाल भिजतो आणि दुसऱ्याच्या वेळी 'कादंबरीच तर आहे', हे कसं?

मी हे पुस्तक लोकांना देत आलेय आणि पुढेही देईन. देताना एवढंच सांगते, 'वाच, पण परत देताना मला प्रेमकथा आवडली असं सांगू नकोस. नदीकाठच्या बाकावर कोण बसलं होतं ते सांग.'